माझ्याकडे बिल्ड होतं, तरी पॅकेज परत का येतं? (बिल्डरूटमध्ये लायब्ररी जोडताना)

बिल्डरूट म्हणजे छोट्या बोर्डांसाठी अख्खी लिनक्स प्रणाली बांधून देणारं साधन. त्यात पहिल्यांदा पॅकेज जोडणाऱ्यांकडून एकच तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता ती नीट लिहून ठेवावी असं वाटलं. लायब्ररी छोटी असते. तीन फायली लिहिल्या (मेनूसाठी कॉन्फिग डॉट इन, बांधण्यासाठी डॉट एमके आणि हॅशची फाईल), मेक चालवलं, बिल्ड झालं, बोर्डावर चालूनही पाहिलं. पॅच (केलेल्या बदलांची फाईल) पाठवला. उत्तर येतं की अमुक टूलचेनवर (कंपायलर आणि सी लायब्ररीचा संच) हेडर सापडत नाही. ते दुरुस्त केलं तर स्टॅटिक बिल्ड (लायब्ररी प्रोग्रॅममध्येच मिसळून टाकणारं) मोडतं. तेही सावरलं तर तपासणारा विचारतो, "या लायब्ररीला थ्रेड लागतात का?" चौथ्या खेपेला माणूस हात टेकतो आणि पॅच तसाच पडून राहतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण पॅकेज बहुधा नव्वद टक्के बरोबर असतं.

वेगवेगळ्या दिसणाऱ्या या अडचणींचं मूळ जवळजवळ नेहमी एकच असतं. तुम्ही जे लिहिलं नाही, ते तुमच्या मशीननं किंवा तुमच्या कॉन्फिगनं (निवडलेल्या पर्यायांच्या यादीनं) न सांगता पुरवलं. दुसऱ्याच्या कॉन्फिगमध्ये ते नसतं. बिल्डरूटच्या बिल्ड सर्व्हरवर तर दिवसरात्र यादृच्छिक कॉन्फिग बनवून बिल्ड चालतात, त्यामुळे न लिहिलेली गोष्ट आज ना उद्या तिथे उघडी पडतेच. म्हणून खाली सगळीकडे एकच शोध घेतला आहे: कोणती गोष्ट लिहायची राहिली?

उदाहरणापुरतं लायब्ररीचं नाव लिबफू धरू. ती एक्सएमएल वाचते, त्यासाठी एक्स्पॅट लागतं. संकुचित फायलीही वाचायच्या असतील तर झेडलिब लागतं, पण ते ऐच्छिक आहे.

आधी चूक आपल्याच मशीनवर पकडा

चूक आपल्याकडे दिसत नाही, तोवर केलेली दुरुस्ती म्हणजे अंदाज. ती का दिसत नाही, हे जरा जवळून पाहू.

टॉप-लेव्हल समांतर बिल्ड चालू नसेल, तर बिल्डरूट एका वेळी एकच पॅकेज बांधतं. डॉट एमके फायली इंग्रजी वर्णक्रमानं घेतल्या जातात. कुठलं अवलंबन (एका पॅकेजला आधी दुसरं लागणं) आडवं आलं नाही, तर पॅकेजंही साधारण त्याच क्रमानं बांधली जातात. समजा तुमच्या कॉन्फिगमध्ये दुसऱ्याच कारणांसाठी एक्स्पॅट आणि झेडलिब दोन्ही चालू आहेत, आणि लिबफूच्या डॉट एमके फायलीत तुम्ही दोन्हींचा उल्लेख केलेला नाही. क्रम असा लागतो: ई म्हणजे एक्स्पॅट आधी, मग एल म्हणजे लिबफू, आणि सगळ्यात शेवटी झेड म्हणजे झेडलिब. लिबफूची कॉन्फिगर पायरी चालते तेव्हा एक्स्पॅट स्टेजिंगमध्ये (बाकीची पॅकेजं हेडर आणि लायब्ररी जिथून घेतात त्या फोल्डरात) आधीच हजर असतं. झेडलिब अजून आलेलं नसतं. कॉन्फिगर स्क्रिप्ट "झेडलिब आहे का... नाही" एवढी एक ओळ छापते आणि पुढे जाते. बिल्ड यशस्वी. संकुचित फायली वाचता येत नाहीत, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता दुपारी तुम्ही काहीतरी बदलता आणि लिबफूचं रीकॉन्फिगर चालवता. एव्हाना झेडलिब स्टेजिंगमध्ये आलेलं आहे. या वेळी उत्तर "आहे" येतं. म्हणजे एकाच कॉन्फिगमधून सकाळी एक लायब्ररी निघाली आणि दुपारी दुसरी. हा दोष मला सगळ्यात घातक वाटतो, कारण एकही एरर दिसत नाही.

म्हणून पहिली कसोटी अशी घ्या. वेगळं, रिकामं आउटपुट फोल्डर घ्या. कॉन्फिगमध्ये टूलचेन आणि लिबफू, एवढंच ठेवा. डीबगिंगची साधनं, बिझीबॉक्सपलीकडचे प्रोग्रॅम, तुमचा स्वतःचा ॲप्लिकेशन, काहीही नको. पूर्ण बिल्ड चालवा. मग पॅकेजनिहाय वेगळी फोल्डरं ठेवण्याचा पर्याय चालू करून तेच पुन्हा करा. त्या पर्यायात प्रत्येक पॅकेजला फक्त त्यानं जाहीर केलेली अवलंबनंच दिसतात, बाकीचं स्टेजिंग दिसतच नाही. एक्स्पॅट लिहायला विसरला असाल, तर इथे लगेच "एक्स्पॅट डॉट एच: अशी फाईल नाही" असा एरर मिळेल. हा एरर आपल्या घरी मिळाला, तर फार स्वस्तात सुटलात.

अवलंबन दोन ठिकाणी लिहावं लागतं

नवख्यांची सर्वांत जास्त गल्लत इथे होते, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दोन फायलींत एकच गोष्ट लिहितोय असं वाटतं, पण दोन्हींचं काम वेगळं आहे.

कॉन्फिग डॉट इन फायलीतलं सिलेक्ट मेनूशी बोलतं. लिबफू निवडलं की एक्स्पॅटही निवडलं जावं, एवढंच ते सांगतं. कोण आधी बांधायचं, हे त्याला माहीत नसतं. डॉट एमके फायलीतलं डिपेंडन्सीज व्हेरिएबल मेकशी बोलतं. लिबफू कॉन्फिगर होण्याआधी एक्स्पॅट स्टेजिंगमध्ये पोहोचलं पाहिजे, हा क्रम ते लावतं.

फक्त सिलेक्ट लिहिलं, तर बिल्ड वर्णक्रमाच्या नशिबावर चालतं. फक्त डिपेंडन्सीज लिहिलं आणि एक्स्पॅट मेनूत निवडलेलंच नसेल, तर बिल्डरूट सुरुवातीलाच थांबून सांगतं की एक्स्पॅट हे अमक्याच्या अवलंबनांच्या यादीत आहे, पण त्याच्या कॉन्फिगमधून ते निवडलेलं किंवा अपेक्षित केलेलं नाही. हा संदेश आला की डॉट एमके फायलीत शोधत बसू नका. दुरुस्ती कॉन्फिग डॉट इनमध्येच आहे.

याच जातीचा एक छोटा विसर: लिबफू जर पीकेजी-कॉन्फिग (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं साधन) वापरून एक्स्पॅट शोधत असेल, तर ते साधन पुरवणारं होस्ट-पीकेजीकॉन्फ हेही डिपेंडन्सीजमध्ये लागतं. ते बहुतेक कॉन्फिगमध्ये कुणीतरी आधीच बांधलेलं असतं, म्हणून हा विसर महिनोन्महिने लपून राहतो.

सिलेक्ट आंधळं असतं

केकॉन्फिग ही मेनूच्या फायलींची भाषा लिनक्स कर्नलमधून आली आहे, आणि तिचा हा स्वभाव तिथूनच आला. तुम्ही एखादं पॅकेज सिलेक्ट केलं की त्याच्या स्वतःच्या अटी पाळल्या जातात की नाही, हे सिलेक्ट बघत नाही. जबरदस्तीनं चालू करतं.

एक्स्पॅटला फारशा अटी नाहीत, त्यामुळे तिथे त्रास होत नाही. पण लिबफूला जीलिब लागत असतं तर? बिल्डरूटमध्ये जीलिबच्या अटींत वाइड कॅरेक्टर, थ्रेड आणि एमएमयू (प्रोसेसरमधला मेमरी सांभाळणारा भाग) आहेत. लिबफू जीलिबला सिलेक्ट करत असेल, तर या तिन्ही अटी डिपेंड्स ऑन म्हणून लिबफूच्या कॉन्फिग डॉट इनमध्ये जशाच्या तशा उतरवाव्या लागतात. त्यापुढे ही अट कुणामुळे आली, ते शेजारी टिप्पणीत लिहायचा प्रघात आहे. पुढे जीलिबची एखादी अट बदलली, तर ती टिप्पणीच सांगते की इथेही बदल करायला हवा.

अट उतरवायची राहिली तर ज्या टूलचेनमध्ये थ्रेड नाहीत तिथे कॉन्फिग करताना "अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज" असा इशारा दिसतो. इशारा असल्यामुळे बिल्ड पुढे जातं, आणि नवखा माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो. कृपा करून करू नका. तो इशारा म्हणजे पॅच परत येणार याची जवळजवळ खात्री आहे.

अटींच्या जोडीला कॉमेंटचीही ओळ लागते. टूलचेनमध्ये थ्रेड नसतील तर लिबफू मेनूतून नाहीसं होतं, आणि वापरणाऱ्याला कळत नाही की ते गेलं कुठे. "लिबफूला थ्रेड असलेली टूलचेन हवी" असं सांगणारी कॉमेंट तेव्हाच दिसायला हवी, जेव्हा बाकीच्या अटी पूर्ण आहेत आणि थ्रेडच कमी आहेत. एमएमयू किंवा आर्किटेक्चरसारखी अट वापरणाऱ्याला मेनूत बदलता येत नाही, म्हणून ती कॉमेंटच्या मजकुरात लिहायची नसते. मात्र कॉमेंटवर डिपेंड्स ऑन म्हणून ती लावायची असते. मजकुराची ठरलेली शब्दरचना आहे, ती शेजारच्या एखाद्या चांगल्या पॅकेजमधून उचला. स्वतःची वाक्यरचना इथे नको.

ऐच्छिक गोष्टीला "नाही" हेही स्पष्ट सांगा

झेडलिब ऐच्छिक आहे, म्हणून त्याला सिलेक्ट करायचं नाही. डॉट एमके फायलीत अट घालायची: झेडलिब कॉन्फिगमध्ये निवडलेलं असेल तर ते डिपेंडन्सीजमध्ये घाला आणि कॉन्फिगरला "विथ झेडलिब" सांगा. इथपर्यंत सगळेच लिहितात. एल्सची फांदी मात्र राहते, आणि खरी कमाल तिथेच आहे. झेडलिब निवडलेलं नसेल तर "विदाउट झेडलिब" असं तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. नाहीतर कॉन्फिगर स्क्रिप्ट स्वतः शोधाशोध करते, आणि तिला जे सापडेल ते सापडेल.

मेसॉन या बिल्ड साधनात हे पर्याय बहुधा एनेबल्ड, डिसेबल्ड आणि ऑटो अशा तीन किमतींचे असतात. ऑटो सोडायचं नाही. सीमेक या तशाच साधनात ऑन आणि ऑफ. आणि लायब्ररीत असा पर्यायच नसेल, तिनं झेडलिब दिसलं की ते आपलं आपण वापरायचं ठरवलेलं असेल, तर पर्याय घालणारा छोटा पॅच मूळ प्रकल्पाला पाठवणं हाच चांगला उपाय. मूळ लेखक अशा पॅचचं सहसा स्वागतच करतात.

टूलचेन बदलली की मोडतं

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या पॅचपैकी बरेचसे इथेच अडकतात.

बिल्डरूटची सुरुवात २००१ मध्ये यूसीलिबसीच्या लोकांनी आपली छोटी सी लायब्ररी तपासून पाहण्यासाठी केली. त्यामुळे जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी, वरची जीलिब नव्हे) म्हणजेच लिनक्स, हे गृहीत इथे पहिल्या दिवसापासून चालत नाही. आज जीलिबसी, मसल आणि यूसीलिबसी-एनजी असे तीन पर्याय आहेत. शिवाय थ्रेड नसलेल्या, सी++ नसलेल्या, फक्त स्टॅटिक लायब्ररी असलेल्या आणि एमएमयू नसलेल्या टूलचेनही आहेत. या सगळ्या हातानं तपासणं शक्य नाही, म्हणून यूटिल्स फोल्डरात टेस्ट-पीकेजी नावाची स्क्रिप्ट दिली आहे. एका छोट्या फायलीत तुमचं पॅकेज चालू करणारी एक ओळ लिहा, ती फाईल आणि पॅकेजचं नाव स्क्रिप्टला द्या, ती निवडक टूलचेनवर बांधून दाखवते. सगळ्या टूलचेन हव्या असतील तर डॅश ए द्या आणि मशीन रात्रभर चालू ठेवा. झेडलिबसारखं काही ऐच्छिक असेल, तर अशा दोन फायली करा: एकीत ते चालू, दुसरीत नाही.

निकालात ओके, फेल्ड आणि स्किप्ड असे शब्द येतात. ओके आणि फेल्ड कळतात. स्किप्डचा अर्थ मात्र नीट लावायला हवा. त्या टूलचेनवर तुमची ओळ कॉन्फिगमध्ये टिकली नाही, एवढंच तो शब्द सांगतो. लिबफूला थ्रेड लागतात आणि टूलचेनमध्ये ते नाहीत, तर स्किप्ड हे बरोबर उत्तर आहे. सगळीकडेच स्किप्ड येत असेल तर ओळीतलं नाव चुकलंय, किंवा पॅकेज फोल्डरातल्या मुख्य कॉन्फिग डॉट इनमध्ये तुमच्या फायलीची सोर्स ओळ घालायची राहिली आहे. कोणती ओळ गळाली, ते त्या बिल्डच्या फोल्डरातल्या मिसिंग डॉट कॉन्फिग फायलीत असतं. फेल्ड असेल तर त्याच फोल्डरातला लॉग उघडा, आणि शेवटच्या ओळीपासून वर जात पहिला खरा एरर शोधा. शेवटची ओळ फक्त मेक थांबल्याचं सांगते.

आता नेहमी भेटणारे काही एरर.

लायब्ररी शुद्ध सी मध्ये आहे, तरी सी++ नसलेल्या टूलचेनवर "सीमेकला सीएक्सएक्स कंपायलर सापडला नाही" असं येतं. सीमेकलिस्ट्स फाईल उघडा आणि प्रोजेक्टची ओळ बघा. तिथे भाषा लिहिलेली नसेल, तर सीमेक सी आणि सी++ दोन्ही लागतात असं धरून चालतं आणि दोन्ही कंपायलर शोधतं. नावापुढे भाषा म्हणून सी लिहिलं की संपलं. नवखे इथे पॅकेजलाच सी++ची अट लावून मोकळे होतात. बिल्ड होतं, पण सी++ची गरज नसलेली लायब्ररी विनाकारण कित्येकांच्या आवाक्याबाहेर जाते. एका शब्दाचा पॅच करा, तो मूळ प्रकल्पालाही पाठवा. पॅचच्या मथळ्याखाली अपस्ट्रीम ही ओळ लागते, तिथे तो कुठे पाठवला त्याचा दुवा द्या.

लायब्ररी खरोखरच सी++ मध्ये असेल तर सी++ची अट हवीच, आणि बऱ्याचदा जीसीसीच्या आवृत्तीचीही. सी++१७ साठी साधारण जीसीसी ७ धरतात, पण लायब्ररी फाईलसिस्टिम हेडर वापरत असेल तर ते जीसीसी ८ मध्ये आलं. लायब्ररीच्या माहितीपत्रकात लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, ती कोणते हेडर घेते ते शोधून बघा.

स्टॅटिक टूलचेनवर मोडलं, तर आधी बघा की सीमेकच्या ॲड-लायब्ररी ओळीत शेअर्ड हा शब्द ठोकून बसवला आहे का. तो काढला की बिल्डरूट देतं त्या पर्यायानुसार लायब्ररी बनते. लिंक होताना झेडलिबची फंक्शन्स सापडत नसतील, तर पीकेजी-कॉन्फिगच्या फायलीतली लिब्ज प्रायव्हेट ओळ तपासा. स्टॅटिक लिंकिंगला आतल्या लायब्ररींची नावंही लागतात. लायब्ररी डीएलओपन वापरून प्लगइन चढवत असेल, तर मात्र स्टॅटिक कॉन्फिगमध्ये ती नको, तशी अट घालणंच योग्य.

"ॲटॉमिक फेच ॲड ८" सारखं फंक्शन सापडत नाही, असा लिंकरचा एरर ३२-बिट मिप्स किंवा पॉवरपीसीवर आला, तर लायब्ररी ६४-बिटचे ॲटॉमिक व्यवहार करते आहे आणि त्या प्रोसेसरवर ते लिबॲटॉमिकमधून येतात. टूलचेनमध्ये लिबॲटॉमिक असेल तेव्हा ते लिंक करायला सांगा. तुमच्या ६४-बिट लॅपटॉपवर हा एरर कधीच दिसणार नाही.

मसलवर एक्सईसीइन्फो डॉट एच सापडलं नाही तर लायब्ररी बॅकट्रेस (कोणकोणत्या फंक्शनांतून इथवर आलो ती यादी) छापायचा प्रयत्न करते आहे. बहुधा तो भाग बंद करायचा पर्याय असतो. एमएमयू नसलेल्या टूलचेनवर फोर्क (नवी प्रोसेस सुरू करणारं फंक्शन) सापडत नाही, कारण तिथे फोर्क नाहीच. लायब्ररी ते वापरत असेल तर एमएमयूची अट घाला.

डब्ल्यू-एरर (कंपायलरचा प्रत्येक इशारा एरर मानायचा पर्याय) चालू ठेवणाऱ्या लायब्ररींचं काय करायचं, यावर माझं मत ठाम आहे: बंद करा. मूळ प्रकल्पाच्या लेखकाला ते विकासाच्या वेळी उपयोगी असेल. पण पुढच्या जीसीसीमध्ये नवा इशारा आला की चालतं पॅकेज मोडतं, आणि त्यात वापरणाऱ्याची काही चूक नसते.

होस्टची सरमिसळ

होस्ट म्हणजे ज्या मशीनवर बिल्ड चालतं ते, आणि टार्गेट म्हणजे बोर्ड. दोन्हींची सरमिसळ झाली की येणारे एरर स्वतःच बोलके असतात, फक्त ते वाचता आले पाहिजेत.

"आर्किटेक्चर ॲडव्हान्स्ड मायक्रो डिव्हायसेस एक्स८६-६४ आहे, एआरएम हवं होतं" असं बिल्डरूट सांगत असेल, तर लिबफू तुमच्या लॅपटॉपच्या कंपायलरनं बांधली गेली आहे. साध्या हाती लिहिलेल्या मेकफाईलमध्ये हे हमखास होतं, कारण तिच्यात "सीसी = जीसीसी" अशी ओळ असते. इथे एक बारकावा आहे. बिल्डरूटचे टार्गेट कॉन्फिगर ऑप्ट्स (कोणता कंपायलर आणि कोणते पर्याय वापरायचे ते सांगणारी व्हेरिएबल) मेक या शब्दाच्या आधी दिले तर ते एन्व्हायर्नमेंटमधून जातात, आणि मेकफाईलमधली सीसीची ओळ त्यांच्यावर मात करते. मेकच्या नंतर दिले तर तेच मेकफाईलवर मात करतात, कंपायलर बरोबर मिळतो. पण मग सीफ्लॅग्जही (कंपायलरचे पर्याय) मात करतात, आणि मेकफाईलमध्ये सीफ्लॅग्जला पुढे जोडलेला एफपिक (शेअर्ड लायब्ररीसाठी लागणारा पर्याय) गळून पडतो. लगेच दुसरा एरर येतो, की शेअर्ड लायब्ररीसाठी रीलोकेशन चालत नाही. माणूस चक्रावतो, कारण एक गाठ सोडवली की दुसरी बसते. अशा वेळी ऑप्ट्स मेकच्या नंतरच ठेवा आणि सीफ्लॅग्जमध्ये एफपिक आपण जोडून द्या, किंवा मेकफाईललाच नीट करणारा पॅच लिहा.

"क्रॉस कंपायलेशनमध्ये असुरक्षित हेडर पाथ" असा एरर आला, तर कुठूनतरी यूएसआर-इन्क्लूड (लॅपटॉपचं स्वतःचं हेडरचं फोल्डर) थेट कंपायलरला दिलं जातंय. मेकफाईलमध्ये शोधा. तिथे नसेल तर लायब्ररीसोबत येणारी फू-कॉन्फिग अशा नावाची स्क्रिप्ट बघा. तिच्यात पाथ ठोकलेला असतो. डॉट एमके फायलीत कॉन्फिग स्क्रिप्ट्स या व्हेरिएबलमध्ये तिचं नाव दिलं की बिल्डरूट तो पाथ स्टेजिंगकडे वळवतं.

एम-आर्च-नेटिव्ह (बिल्ड करणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवणारा पर्याय) दिसलं तर काढा. इन्स्टॉल करताना "स्ट्रिपला फायलीचं स्वरूप ओळखता आलं नाही" असं आलं, तर मेकफाईल इन्स्टॉल डॅश एस वापरते आहे. तेही काढा, स्ट्रिप करण्याचं (डीबगची माहिती काढून टाकण्याचं) काम बिल्डरूट शेवटी स्वतः करतं.

लायब्ररी बांधली गेली, पण दुसऱ्या पॅकेजला दिसत नाही

याचं उत्तर बहुतेकदा एका ओळीचं असतं. इन्स्टॉल स्टेजिंग हे व्हेरिएबल येस करायचं राहिलं आहे. ते मूळचं नो असतं, कारण बहुतेक प्रोग्रॅमना ते लागत नाही. लायब्ररीला लागतंच. टार्गेटमध्ये (बोर्डावर जाणाऱ्या फायलींच्या फोल्डरात) हेडर दिसतात म्हणून फसू नका. शेवटच्या पायरीत टार्गेटमधले हेडर, स्टॅटिक लायब्ररी आणि पीकेजी-कॉन्फिगच्या फायली पुसल्या जातात, आणि बाकीची पॅकेजं त्यांना टार्गेटमध्ये शोधतही नाहीत.

हॅश आणि लायसन्स

हॅश म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा. "एसएचए२५६ हॅश चुकला" असा एरर आला की लोक मिळालेला हॅश उचलून अपेक्षितच्या जागी चिकटवतात. तसं करण्याआधी उतरवलेली फाईल उघडून बघा. पुष्कळदा ती टारबॉल (सोर्सचा बांधलेला गठ्ठा) नसून एखादं एररचं वेबपान असतं, आणि तुम्ही त्या पानाचा हॅश नोंदवत असता. फाईल खरी टारबॉल असेल आणि तरी हॅश बदलला असेल, तर मूळ प्रकल्पानं त्याच आवृत्तीच्या नावाखाली दुसरी फाईल ठेवली आहे. दोन्ही फायली उलगडून फरक बघा, आणि काय बदललं ते कमिट संदेशात लिहा. हॅशचा अख्खा उद्देशच तो आहे.

लायसन्सच्या फायलीचाही हॅश लागतो. तो साध्या बिल्डमध्ये तपासला जात नाही, लीगल-इन्फो हे मेकचं टार्गेट चालवल्यावर तपासला जातो. ते एकदा चालवा. लायसन्सचं नाव एसपीडीएक्स या प्रमाण यादीच्या पद्धतीनं लिहा. आणि "जीपीएल आवृत्ती २" की "आवृत्ती २ किंवा पुढची", हे कॉपीइंग फाईल वाचून कळत नाही. ती फाईल दोन्हींत तीच असते. सोर्स फायलींच्या माथ्यावरची टिप्पणी वाचा, तिथे "किंवा पुढची कोणतीही" असे शब्द आहेत की नाहीत ते दिसेल. कुणी तरी या ओळीवर भरवसा ठेवून उत्पादन बाजारात आणणार आहे, तेव्हा पंधरा मिनिटं द्याच.

पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यावर

चेक-पॅकेज ही लिहिण्याची शैली तपासणारी स्क्रिप्ट चालवा. मदतीच्या मजकुराआधी टॅब आणि दोन स्पेस, हॅश फायलीत दोन स्पेस, मदतीची ओळ टॅबची आठ अक्षरं धरून ७२ अक्षरांत, अशा गोष्टी ते सांगतं. सांगितलं तसं करा आणि पुढे व्हा. डेव्हलपर्स फायलीत आपलं नाव आणि पॅकेजचा पाथ वर्णक्रमानं घाला. शीर्षक "पॅकेज/लिबफू: न्यू पॅकेज" या धर्तीचं, खाली साइन्ड-ऑफ-बाय.

पॅच ईमेलनंच जातो. तो मेल प्रोग्रॅममध्ये चिकटवू नका. टॅबचे स्पेस होतात, लांब ओळी मोडतात, आणि तिकडे पॅच लागत नाही. गिट सेंड-ईमेल वापरा, आणि पहिला पॅच स्वतःलाच पाठवून, मिळालेला मेल गिट एएमनं लावून बघा. सुधारित पॅच व्ही२ म्हणून पाठवा. काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहा, म्हणजे ते तपासणाऱ्याला दिसतं पण इतिहासात जात नाही. तपासणाऱ्यानं पाच मुद्दे काढले असतील तर पाचांनाही उत्तर द्या. एखादा पटला नाही तर तसं सांगा, पण गाळू नका.

बराच काळ उत्तर नाही आलं तर नाराज होऊ नका. वर्षातून चार आवृत्त्या निघतात: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर. आवृत्तीच्या आधी साधारण महिनाभर मुख्य शाखेत फक्त दुरुस्त्या घेतात आणि नवी पॅकेजं नेक्स्ट या शाखेत जातात. काही आठवड्यांनी त्याच मेलला उत्तर देऊन नम्रपणे आठवण केली तर कुणाला राग येत नाही.

पॅकेज आत गेल्यावर काही दिवसांनी बिल्ड सर्व्हरकडून मेल येऊ शकतो, की अमुक कॉन्फिगवर लिबफू मोडलं. डेव्हलपर्स फायलीत तुमचं नाव आहे म्हणून तो तुम्हाला आला. त्यातल्या दुव्यावर त्या बिल्डचं कॉन्फिग आणि लॉगचा शेवटचा भाग मिळतो. ते कॉन्फिग रिकाम्या आउटपुट फोल्डरात डॉट कॉन्फिग म्हणून ठेवा, ओल्डडेफकॉन्फिग चालवा, मग फक्त लिबफू बांधा. एरर आला तर वरच्यापैकी कुठला तरी ओळखीचा असेल. नाही आला, तर त्याच कॉन्फिगचं पूर्ण बिल्ड चालवा, आणि लिबफूची कॉन्फिगर पायरी त्यांच्या आणि तुमच्या लॉगमध्ये शेजारी ठेवून वाचा. "आहे का... आहे" आणि "आहे का... नाही" अशा ज्या ओळीवर दोन्ही लॉग वेगळे होतात, तिथे राहिलेलं अवलंबन सापडतं.